छपरावरचे दगड आणि गाडीचे पंख

पाऊस तोंडावर आला की कोकणात पत्र्याच्या छपरांवर मोठमोठे दगड चढवले जातात. वादळ झालं की हमखास बातमी येते, अमुक गावात शाळेचे पत्रे उडाले. आता गंमत बघा. वारा वाहतो आडवा, पत्रा मात्र उडतो वर! वारा काही पत्र्याला खालून हात घालून उचलत नाही. उतरत्या छपरावरून जाताना हवेचा वेग वाढतो, तिथला दाब कमी होतो आणि घरातली शांत हवा पत्र्याला वर ढकलते. खिळे कमजोर असले की पत्रा चालला शेजारच्या वाडीत.

रस्त्यावर पळणाऱ्या मोटारीचं तसंच असतं. ती वरून फुगीर, खालून बऱ्यापैकी सपाट. वेग वाढला की तीही छपरासारखी उचलली जाऊ पाहते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडी जोरात असताना स्टिअरिंग हलकं लागल्याचा अनुभव अनेकांनी घेतला असेल. घरच्या गाडीला याचं फारसं काही वाटत नाही. शर्यतीच्या गाडीचं तसं नसतं. तिला वळणावर रस्ता धरून ठेवायचा असतो. रस्ता धरतात ते टायर, आणि टायरवर जितका दाब तितकी पकड.

मग गाडीवरही दगड ठेवावेत का? नाही, तिथेच तर खरी मेख आहे. दगडाने दाब वाढतो, पण वळताना तो दगडही वळवावा लागतो, थांबताना तोही थांबवावा लागतो. त्यामुळे शर्यतवाल्यांना हवा असतो वजन नसलेला दगड. विमानाचा पंख उलटा करून बसवला की हा दगड मिळतो. हवा विमानाला वर उचलते, तशीच ती गाडीला खाली दाबते. या दाबाला त्यांच्या भाषेत ‘डाऊनफोर्स’ म्हणतात आणि पंखाला नुसतं ‘विंग’.

ही विंग परदेशातून मागवायची ऐपत नसलेली, म्हणून कॉलेजच्या शेडमध्ये ती स्वतःच्या हाताने बनवणारी पोरं-पोरी महाराष्ट्रात आहेत. विद्याविहारच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची ‘ओरायन रेसिंग इंडिया’, विलेपार्ल्याच्या द्वारकादास संघवी महाविद्यालयाची ‘डीजेएस रेसिंग’, पवईची ‘आयआयटी बॉम्बे रेसिंग’ हे त्यांतले नावाजलेले संघ. एकाच माणसाला बसायची, उघड्या चाकांची छोटी शर्यतगाडी विद्यार्थ्यांनीच आखायची, बांधायची आणि पळवायची, असा हा ‘फॉर्म्युला स्टुडंट’ नावाचा खेळ. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो अमेरिकेत सुरू झाला, १९९८मध्ये इंग्लंडला पोहोचला. भारतात ‘फॉर्म्युला भारत’ ही त्याची मोठी स्पर्धा बहुधा जानेवारीत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. ज्यांचं नाव या ट्रॅकला आहे त्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८००चं इंजिन वापरून शर्यतीच्या गाड्या घडवल्या होत्या, म्हणजे जागाही घरगुती कारागिरीला साजेशीच.

शोभेचा पंख, कामाचा पंख

पंख तर रस्तोरस्ती दिसतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे. झाशीला ओरछा गेटसारख्या जुन्या वेशीच्या गर्दीत उभे राहा, नाही तर पुण्याच्या नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांपुढे. डिकीवर चकचकीत काळा ‘स्पॉयलर’ चिकटवलेली एखादी तरी गाडी दिसेलच. पण वेशीतल्या गर्दीत गाडी चालते सायकलच्या वेगाने. तिथे त्या पंखाचा उपयोग कावळ्याला बसायला!

हे हिशोबाने सांगता येतं. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. साधारण एक चौरस मीटरची, दोन-तीन पात्यांची, नीट बनवलेली विंग ताशी ३० किलोमीटर वेगाला जेमतेम साडेआठ किलोचा दाब देते. ६० वेगाला तीच विंग ३४ किलो देते, आणि १२०ला १३६ किलो. ड्रायव्हरसकट तीनशे किलोच्या गाडीवर ३४ किलो म्हणजे नवव्या हिश्श्याहून थोडा जास्तच दाब, आणि तोही बहुतेक फुकटात. बहुतेक म्हणायचं कारण, विंगचं स्वतःचं वजन असतं आणि ती हवेला अडवतेही.

विद्यार्थ्यांच्या गाड्या तरी कुठे फार वेगात जातात? त्यांचा ट्रॅक शंकू मांडून मुद्दाम नागमोडी केलेला असतो, सरासरी वेग पन्नास-पंचावन्नच्या आसपास. म्हणूनच पंख लावावा की नाही, यावर दरवर्षी संघासंघांत भांडणं होतात. वेग कमी, म्हणजे दाब कमी. पण ट्रॅकवर वळणंच वळणं, सरळ रस्ता थोडाच, म्हणजे हवेच्या अडथळ्याचा तोटाही कमी. अनुभवी संघ म्हणतात, लावा. नव्या संघांना जाणती मंडळी सल्ला देतात तो वेगळा: आधी गाडी चालू तर करा! हा सल्ला बरोबरच असतो, पण विशीतल्या पोरांना तो पटणं अवघड. पंखाशिवायची शर्यतगाडी त्यांना मुंडावळ्यांशिवायच्या नवरदेवासारखी वाटते.

मेकॅनिकच्या हातचा इतिहास

या विद्येचा इतिहासही मोठ्या प्रयोगशाळांपेक्षा गॅरेजातच जास्त घडला. १९५६ साली मायकेल मे या तरुण स्विस इंजिनियरने आपल्या पोर्शे गाडीवर डोक्याच्या वर एक उलटा पंख उभारला आणि ती न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतीला नेली. मागच्या ड्रायव्हरला पुढचं दिसणार नाही, या कारणावरून आयोजकांनी तो काढायला लावला. पुढची दहा वर्षं कुणी त्या वाटेला फारसं गेलं नाही. १९६६मध्ये अमेरिकेच्या जिम हॉल यांनी ‘शॅपरल’ गाडीवर उंच खांबांवर पंख बसवला, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. १९६८च्या जानेवारीत न्यूझीलंडमध्ये जिम क्लार्कच्या लोटस गाडीवर सरावासाठी चक्क हेलिकॉप्टरच्या पात्याचा तुकडा बांधण्यात आला होता.

त्याच वर्षी फॉर्म्युला वनमध्ये पंखांचं पेव फुटलं. पंख उंच होत गेले, खांब मात्र काडीसारखे बारीकच राहिले. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या माँट्यूइक बागेतल्या रस्त्यांवर स्पॅनिश ग्रां प्री चालू होती. चढावरून गाडी वर येऊन हलकी होते त्या जागी ग्रॅहम हिलच्या लोटसचा पंख मोडला आणि गाडी कठड्यावर आदळली. काही फेऱ्यांनी त्याचाच सहकारी योखेन रिंट याच्या गाडीचा पंख तसाच मोडला. रिंट थेट हिलच्या मोडलेल्या गाडीवर जाऊन आपटला. हिलला काही झालं नाही. रिंटच्या चेहऱ्याला आणि डोक्याला मार बसला, पण जीव वाचला. दोन आठवड्यांनी मोनॅकोच्या शर्यतीत पहिल्या सरावानंतर उंच पंखांवर बंदी आली. पंख दाब देत होता, त्याचे पायच कच्चे होते. विंग बनवणाऱ्या प्रत्येक पोराला ही गोष्ट माहीत असायला हवी.

आणखी एक किस्सा. १९७१मध्ये डॅन गर्नी यांच्या गाडीची फिनिक्स इथे चाचणी चालली होती आणि वेळ काही सुधारत नव्हती. गर्नींनी पंखाच्या मागच्या कडेला काटकोनात ॲल्युमिनियमची एक पट्टी रिवेट करून टाकली. ड्रायव्हर बॉबी उन्सर फेरी मारून आला, वेळ होती तशीच. पण त्याने हळूच सांगितलं की मागची चाकं आता अशी चिकटून बसतात की पुढचीच घसरतात. पुढेही दाब वाढवून तोल साधला की काय होईल, हे दोघांच्या लगेच लक्षात आलं. आज ही पट्टी ‘गर्नी फ्लॅप’ म्हणून जगभर ओळखली जाते. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचीही ती लाडकी, कारण कोपऱ्यावरच्या ॲल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात फुटावर मिळते.

थर्माकोल विरघळतो तेव्हा

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. पंखाचा आडवा छेद कसा असावा, पात्यांमध्ये फट किती ठेवावी, हे संगणकावर ठरतं. हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉप रात्रभर घुमत असतो आणि रूममेटला झोपू देत नाही. फट फार मोलाची. पहिल्या पात्याखालून येऊन थकलेल्या हवेला तिच्यातून ताज्या हवेचा झोत मिळतो, म्हणून दुसरं पातं जास्त तिरकं ठेवता येतं. फट चुकली किंवा पातं वाजवीपेक्षा उभं केलं की हवा पृष्ठभाग सोडते. मग दाब पडतो आणि अडथळा तेवढा उरतो.

आकार ठरला की प्लायवूडचे दोन नमुने कापून फोमच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना लावायचे आणि तापलेली निक्रोमची तार त्यांच्या कडेकडेने ओढायची. दोन टोकांना दोघं उभी राहतात आणि एकाच लयीत आकडे मोजत तार सरकवतात. एक जण घाईत असला की पंखाला कुबड येतं. खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, कारण धूर वाईट असतो.

नवख्यांची फजिती होते ती इथून पुढे. फोमवर काचतंतूचं कापड अंथरून राळ, म्हणजे रेझिन, लावायची असते. बाजारात स्वस्त मिळतं ते पॉलिएस्टर रेझिन. फायबरचे पत्रे आणि टाक्या बनवणारे तेच वापरतात. त्यात स्टायरीन असतं आणि ते थर्माकोलला खातं. पंधरा दिवस खपून कापलेला पंख डोळ्यांदेखत खड्डे पडून बसतो! थर्माकोलवर इपॉक्सीच हवं. ते महाग, आणि त्याचा मिजासही वेगळा. हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं तेच, वजनाने मोजून घ्यायचं. त्यासाठी घरातला स्वयंपाकाचा वजनकाटा पळवून न्यावा लागतो, आणि तो आईकडे परत जाण्याच्या लायकीचा राहत नाही. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त ओतला तर माल लवकर सुकत नाही, कच्चा राहतो. एका भांड्यात जास्त कालवून ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर ओकतं. पावसाळी दमट हवेत इपॉक्सीच्या पृष्ठभागावर मेणचट थर येतो आणि पुढचा थर त्याला धरत नाही. मुंबईच्या संघांना जुलै-ऑगस्टमध्ये हे काम जीव खाऊन करावं लागतं.

कापडाच्या थरात हवा अडकू नये म्हणून वरून प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून आतली हवा ओढून घेतात. त्यासाठीचा पंप परवडत नसेल तर भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर उलट कामाला लावतात, आणि तो ते इमानाने करतो. मग लांबी भरणं, पॉलिश पेपर मारणं, पुन्हा लांबी, पुन्हा पेपर. काचेची धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसालाही बरी नसते. मास्क आणि हातमोजे न घालता काम करणाऱ्याला खरं तर शेडबाहेरच काढायला हवं.

ज्यांना ही चिकटाचिकटी नको असते ते दुसरी वाट धरतात: लेसरने कापलेल्या बरगड्या, मधून ॲल्युमिनियमची नळी आणि वरून पातळ पत्रा रिवेट केलेला. हा पंख थोडा जड होतो, पण एका रात्रीत दुरुस्त करता येतो. टोकांना उभ्या बसवायच्या पाट्यांसाठी दुकानांचे फलक बनवणारे वापरतात ती एसीपीची शीटही चालते. या पाट्या शोभेसाठी नसतात. पंखावरची जास्त दाबाची हवा कडेवरून खालच्या कमी दाबात घुसू पाहते, तिला त्या अडवतात.

पाय पक्के हवेत

पंख झाला तरी निम्मंच काम झालं. तो गाडीला बसवणं हा खरा कस. पहिली चूक होते ती बोल्टच्या भोकापाशी. फोमच्या पंखात थेट भोक पाडून नट आवळला तर फोम चेपतो, नट पुन्हा सैल होतो. म्हणून भोकाच्या जागी आधीच ॲल्युमिनियमचा भरीव तुकडा किंवा नळी बसवून ठेवावी लागते. नट साधा चालत नाही, आत नायलॉनची कडी असलेला लागतो, कारण एका सिलिंडरचं इंजिन सगळ्या गाडीला फिट आल्यासारखं थरथरवतं. आपल्याकडे अनेक संघ केटीएम ३९०चं ३७३ सीसीचं इंजिन वापरतात.

पंख खालून खांबांवर टेकवायचा की वरून टांगायचा? डोळ्याला खालून बरं दिसतं. पण पंखाची खालची बाजूच खरं काम करते, कमी दाब तिथेच तयार होतो. तिथे खांब उभे केले तर हवा बिघडते. म्हणून हंसाच्या मानेसारख्या वाकलेल्या पट्ट्यांनी पंख वरून धरण्याची पद्धत आली. खांब चासीच्या जिथे नळ्या एकत्र येतात त्या सांध्यांशीच जोडायचे, नळीच्या मध्यावर नाही. आणि तिरका आधार हवाच. पुढे-मागे डोलणं थांबवलं आणि आडवं डोलणं विसरलं, असं बऱ्याच जणांचं होतं.

दुसरी चूक तोलाची. मागची विंग मागच्या चाकांच्याही मागे लोंबत असते. तिने मागून दाबलं की तरफेसारखं पुढचं तोंड उचललं जातं. नुसती मागची विंग लावून मैदानात उतरलेला ड्रायव्हर परत येऊन सांगतो, गाडी वळतच नाही! मग पुढची विंग बनवणं आलं, आणि ती तर जमिनीपासून चार बोटांवर, प्रत्येक शंकूच्या वाटेत.

हवा कुठून जाते ते बघायला महागडी यंत्रं लागत नाहीत. पंखावर लोकरीचे बोटभर तुकडे चिकटवायचे आणि शेजारून दुसऱ्या गाडीतून फोटो काढायचे. लोकर सरळ पडली तर ठीक, उलटी नाचली तर हवेने पृष्ठभाग सोडलाय. दाब खरंच मिळतो का, हेही कळतं. शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्यावर रबराची कडी सरकवून ठेवायची आणि मैदानात एकाच वेगाने एकदा पंख लावून, एकदा काढून गाडी सरळ पळवायची. कडी किती सरकली त्यावरून स्प्रिंग किती दबली ते कळतं. कॉलेजच्या मैदानावर त्यासाठी सकाळी सहाची वेळ मागून घ्यावी लागते, क्रिकेटवाले यायच्या आत.

हे सगळं बंदिस्त ट्रॅकवरच्या गाड्यांचं, हे मात्र विसरू नका. रस्त्यावरच्या नोंदणीकृत गाडीत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ने त्यावर बंधन आहे आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. घरी बनवलेल्या धारदार पत्र्याने पादचाऱ्याचं काय होईल याची कल्पना करवत नाही.

परीक्षकाचा हात

धारेची काळजी स्पर्धेतही घेतात. पंखाच्या पुढच्या आडव्या कडेला किमान पाच मिलिमीटरची गोलाई लागते. पुढची विंग चाकांच्या पुढे ७०० मिलिमीटरपेक्षा जास्त काढता येत नाही, मागची चाकांच्या मागे २५०पेक्षा जास्त नाही. आणि मग ती परीक्षा, जिची धास्ती सगळ्यांना असते. तळहातापेक्षा थोड्या मोठ्या, २२५ चौरस सेंटिमीटरच्या जागेवर २०० न्यूटन, म्हणजे सुमारे वीस किलोचा भार दिल्यावर पंख दहा मिलिमीटरपेक्षा जास्त वाकता कामा नये. शिवाय कुठल्याही बिंदूवर, कुठल्याही दिशेने पाच किलोइतका जोर लावला तर पंचवीस मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. आडव्या आधाराची आठवण बऱ्याच जणांना इथे होते, घरापासून हजार किलोमीटरवर.

म्हणून शहाणे संघ ट्रक निघण्याआधीच वाळूच्या पिशव्या घेऊन बसतात. हवा पंखाला खालीच दाबणार, तेव्हा पिशव्या सरळ वर ठेवल्या की झालं. हिशोबाच्या दुप्पट वजन ठेवून रात्रभर सोडायचं. पंख मोडायचाच असेल तर शेडमध्ये मोडू दे. सहा महिन्यांचं काम करकरताना ऐकणं सोपं नसतं, पण चेहरा फुटण्यापेक्षा ते बरं.

शेवटचा दिवस २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्स शर्यतीचा, मध्ये ड्रायव्हर बदलून. सर्वात जास्त गुण याच शर्यतीला, आणि सर्वात जास्त गाड्या बंद पडतात त्याही इथेच. कुणाच्या इंजिनाचं पाणी उकळतं, कुणाची चेन निघते. कुणाची विंग एका बोल्टवर लोंबू लागली की झेंडा दाखवून गाडी बाहेर घेतात आणि वर्षाचा हिशोब तिथेच संपतो. प्रत्येक शंकू पाडल्याचे दोन सेकंद दंडाचे. ड्रायव्हरला हेल्मेटमधून पुढच्या विंगचं टोक दिसतही नाही, ते अंदाजाने जपायचं असतं. कठड्याबाहेर उभी असलेली पोरं घड्याळाकडे कमी आणि मागच्या पंखाच्या खांबांकडे जास्त बघत असतात.

गाडी धडपणे पार झाली तर संध्याकाळी विंग उतरवतात. नट-बोल्ट मोजून पिशवीत, पिशवीवर मार्करने ‘मागची, डावी’. पुढच्या विंगच्या कोपऱ्यावर शंकूंचा भगवा रंग घासून बसलेला असतो. तो काढायला थिनर लागतो, पण कॉलेजात परतल्यावरही बहुधा कुणी काढत नाही. पुढच्या वर्षीची पोरं शेडमध्ये येतात, त्या रंगावर बोट ठेवून विचारतात, हे कितव्या वळणाला लागलं?